मारुतीमागची रुई

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. परीक्षेची उत्तरं सोडून दुसरं काही लिहायची मला सवय नाही, आणि माणसावर लिहायचं तर सुरुवात कुठून करतात हेही माहीत नाही. पण रुईनानांवर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस.

नाना पान तोडण्याआधी ते उलटून बघायचे. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात ते मारुतीचे गुरव. शनिवारी देवाला रुईच्या पानांची माळ लागते आणि देवळामागे रुईची दाट रांग होती. नाना एकेक पान बोटांनी हळूच वळवत. खालच्या बाजूला पांढरं बारीक अंडं किंवा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली की ते पान सोडून पुढं जात. पुढे त्या अळ्यांची केशरी फुलपाखरं होतात. माळेसाठी ताटकळलेल्या बायका वैतागायच्या.

"नाना, आवरा की. देवाची आरती व्हायची हाय."

"देवाला घाई न्हाई, तुलाच हाय. आदी उलटून बघ, मग तोड."

हे वाक्य गावातल्या प्रत्येक पोरानं ऐकलेलं आहे. शनिवारी पानं आणायला गेलं की मागून ते यायचंच.

इतकं बघूनही एकदा एक अळी माळेतून देवापर्यंत पोचली. ऐन आरतीत ती मारुतीच्या खांद्यावरून शेंदरातून चालायला लागली. कोणीतरी ती झटकायला हात पुढे केला. नानांनी घंटा थांबवली. "हात लावू नगा! उतरू द्या तिला." मग त्यांनी एक पान पुढं धरलं, अळी त्यावर चढली, आणि नाना तिला घेऊन बाहेर गेले. सगळं गाव टाळ्या वाजवायचं थांबून उभं. परत येऊन त्यांनी आरती जिथं सोडली होती तिथूनच उचलली.

नगरला कॉलेजात आल्यावर मला अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराविषयी कळलं. त्याची अळीही रुईसारख्याच चीक असलेल्या झाडांची पानं खाते, आणि शेतांच्या कडेची ती झाडं कमी झाली तशी फुलपाखरंही कमी झाली. सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी हे नानांना घाबरत घाबरत सांगितलं. आपण शहाणपणा शिकवतोय असं त्यांना वाटू नये, ही भीती.

नाना खूश झाले. "म्हंजी आपल्याच भावकीतलं की ते!" मग म्हणाले, "तिकडं शनवारची माळ नसंल. मग झाड कोन राखनार?"

तो प्रश्न मी वहीत लिहून घेतला.

मग ते घडलं. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष बाळूदादा. त्यांच्या धाकट्या मुलीनं खेळताना रुईची फांदी मोडली आणि चीक तिच्या डोळ्यात उडाला. नानांनीच तिला उचलून हौदापाशी नेलं आणि दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत डोळ्यावर पाणी ओतत राहिले. डोळा वाचला. पण बाळूदादांनी ठरवलं, देवळामागं फरशी बसवायचीच आहे, तर जेसीबी लावून रुईपण काढायची. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

नानांनी वाद घातला नाही. "लेकराच्या डोळ्यापरास झाड मोठं न्हाई," एवढंच म्हणाले आणि पिशवी भरून सुप्याला मुलाकडं निघाले. त्यांचा मुलगा तिथं कंपनीत आहे. वाटेत नगरच्या स्टँडवर मी त्यांना भेटलो. मी विचारलं, "नाना, परत कधी?"

"रुई न्हाई तिथं येऊन मी काय करू?" बस सुटली तरी त्यांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं नाही.

पुढचे काही दिवस माझं अभ्यासात लक्ष नव्हतं. गावाकडचा फोन आला की आधी रुईचं विचारायचो. शेवटी फोन आला तो बाळूदादांचा.

"अरं, जेसीबीवाला म्हनला, मारुतीच्या झाडाला मी बकेट लावत न्हाई, तुमी हातानं तोडा. मग कुऱ्हाडीला कुनी हात लावंना. शेवटी मीच घेतली."

"मग?"

"मग काय! फांदी धरली आन् पान उलटून बघितलं. उगंच, सवयीनं. तीन अळ्या हुत्या रं. कुऱ्हाड काय चालंना." मग म्हणाले, "तारंचं कुंपन घालतोय, पोरं आत जानार न्हाईत. फरशी त्याच्या अलीकडंच थांबंल. तू नानाला सांग. मला त्यांच्यासंगं बोलायची लाज वाटती."

मी लगेच सुप्याला फोन लावला. बाळूदादांचं सगळं नानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "उलटून बघितलं त्यानं?"

"हो नाना."

"कुनी सांगितलं न्हवतं?"

"कुणीच नाही."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. येणार की नाही, ते कळलंच नाही.

शनिवारी आईचा फोन आला. ऊसतोडीवरून ती नुकतीच गावी परतली होती आणि चांगलीच रागावलेली होती.

"तुझे ते रुईनाना आले बरं का. पिशवीसुदिक खाली ठिवली न्हाई, आन् सगळ्या बायांपुढं मलाच बोलले, माळंला पान न उलटता तोडलं म्हनून!"