प्रभावळीवरचे नऊ डाग

प्रभावळीच्या कामात फसवणूक झाली, आणि ती मी केली. फसवलं कुणाला? शैला मॅडमना — कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरळ बाईला. हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. आज बोलतोय, कारण परवा एकाने माझ्यासमोर मॅडमची टिंगल केली — आणि मी हसलो.

मी चांदीचा पत्रा ठोकणारा माणूस. फुटपाथवर बसून लोकांची जोडवी उजळायचो. आज सोलापुरातली देवळं मला बोलावतात. कुणाच्या शिफारशीवर नाही. त्यामुळे कुणी शिकवायला लागलं की डोकं फिरतं.

आमच्या पेठेतल्या देवळाची प्रभावळ — देवामागची चांदीची महिरप — मी घडवली. नऊ पत्रे. धुपाने चांदी काळवंडते, आणि देवळाच्या पंचांना ती काळी पडायला नको होती. मॅडमकडे उपाय होता. त्यांच्या द्रावणात पत्रा बुडवला की रेणू आपले आपण चांदीवर येऊन उभे राहतात — गंधकाच्या टोकाने चांदी धरून, शेपटी बाहेर. थर एकच, एका रेणूएवढा, डोळ्याला न दिसणारा. "आपल्या टॉवेलवर धाग्यांचे फास कसे दाटीने उभे असतात, तसं समजा. मधून काही शिरत नाही."

"किती वेळ बुडवायचं?"

"पुरा एक दिवस."

"अर्ध्या दिवसात बसवा की, मॅडम."

"रेणूंशी घासाघीस चालत नाही हो!"

माझीच माणसं खदखदून हसली. मला झोंबलं. वर त्यांनी बजावलं — धुतलेल्या पत्र्याला बोट लावायचं नाही, तेल लागलं की तिथं थर धरत नाही. हे मला सांगायचं? उभा जन्म चांदीत घालवलेल्या मला?

मॅडम कॉलेजात तास घ्यायला गेल्या. पत्रे स्वच्छ कापडावर मांडलेले. आमच्याकडे देवाचं काम कुंकू लावल्याशिवाय पुढच्या हाती जात नाही. मी तेलात कालवलेलं कुंकू प्रत्येक पत्र्याच्या माथ्यावर अंगठ्याने टेकवलं, रुमालाने पुसलं, आणि पत्रे द्रावणात सोडले. भक्ती होती? अर्धी. उरलेली अर्धी — मोठी आली शिकवणारी!

काही महिन्यांनी प्रभावळ लखलखत होती — नऊ काळे डाग सोडून. प्रत्येक माथ्यावर एक, अंगठ्याएवढा. मी पाहताक्षणी ओळखलं. बाईंचा थर इतका चोख होता, की माझा अंगठा सोडून सगळी चांदी त्याने राखली होती.

पंचांनी सभेत मॅडमना उभं केलं. त्यांनी नऊही डाग एकेक करून पाहिले. मग माझ्याकडे वळल्या — "बुडवण्याआधी कुणी हात लावला होता का?"

"न्हाय मॅडम. तुमचं औषधच कच्चं हाय."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला हो! का ठेवला? भांडल्या असत्या, डागावर माझा अंगठा टेकवायला लावला असता, तर मी तिथंच सापडलो असतो. आजही त्या विश्वासाचा मला संताप येतो — आणि तो त्यांच्यावर काढायची माझी लायकी नाही.

पंचांनी गावभर केलं. हो म्हणालेली दुसरी देवळं मागे फिरली. कॉलेजाने प्रयोगशाळेतला त्यांचा कोपरा काढून घेतला. त्यांनी पुन्हा कधी चांदीला हात लावला नाही. डाग मीच घासून काढले. त्याबद्दल पंचांनी मला शाल पांघरवली — मी ती घेतली.

पंचांनो, तुमच्यातल्या एकाने तरी मला उलट प्रश्न का केला नाही? मी पेठेतला म्हणून? ती बाई म्हणून? बोलवा तीच सभा, त्याच माणसांसमोर. मॅडमना बसायला खुर्ची द्या. मला उभं करा, आणि जाब माझ्याकडून घ्या.