शाळेशी सोयरीक

खोटं न बोलता लग्नं जमवणारा माणूस साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो माझ्या बायकोचा थोरला काका आहे. बाकीचे मध्यस्थ पोराची शेती वाढवून सांगतात, पोरीचं वय कमी करून सांगतात आणि लग्न लागल्यावर वर्षभर दोन्ही घरांची तोंडं चुकवत फिरतात. आम्ही सगळे ज्यांना मोठेबाबा म्हणतो त्या या गृहस्थांनी आयुष्यात कुणाचं तोंड चुकवलेलं नाही. राहायला उंद्रीला. शेती मुलाच्या हवाली करून केव्हाच मोकळे झालेत. दुसरबीडपासून वरवट बकालपर्यंत कुठल्या घरात लग्नाचं कोण आहे, हे त्यांना त्या घरातल्या माणसांच्याही आधी ठाऊक असतं. बैठकीत सतरंजीवर मांडी ठोकली की पाणी पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "आंधी दोष सांगतो. नीट ऐकून घ्या. ऐकून हो म्हणसान तं मंग मांगून तक्रार चालनार नाई."

झाकली मूठ सव्वा लाखाची असं जग म्हणतं. मोठेबाबांचा या म्हणीवर मनस्वी राग आहे. माझी मूठ त्यांनी माझ्या आईवडिलांदेखत उघडली. मी तेव्हा चिखलीला नुकताच नोकरीला लागलो होतो आणि खानावळीत जेवत होतो. बैठक छान रंगात आली होती, पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, आणि हे म्हणाले, "पोरगा नोकरीले बरा हाये. पन भूक लागली का त्याचं डोस्कं फिरते. भाजीत मीठ कमी पडलं तं ताट सरकवते. खानावळवाल्या बाईले इचारून आलो." आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात ते आमच्याकडे वळले. "आनं आमची पोट्टी सकाऊन उठल्यावर घंटाभर कोनाशी बोलत नाई. बोलली तं भांडते." तेव्हापासून आजतागायत मी जेवणाआधी आणि ती चहाआधी, आम्ही एकमेकांच्या वाटेला जात नाही. संसार उत्तम चालला आहे, आणि याचं श्रेय कुणाला द्यायचं हे दोघांनाही माहीत आहे.

त्यांची ही कीर्ती जातीधर्माच्याही पलीकडे गेलेली आहे. उंद्रीच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले एक चाचा आपल्या मुलीचं स्थळ पाहायला वरवट बकालला निघाले, तर मोठेबाबांना घरून उचलून घेऊन गेले. "अपने को झूट का लफडाच नको," चाचांचं म्हणणं. "मोठेभाऊ साथ में रहे तो बात साफ होती." मोठेबाबांनी तिथे शेवया खाल्ल्या, मुलगी झोपेत बडबडते हे सांगितलं, मुलाच्या मामाला तंबाखूवरून चार शब्द सुनावले आणि सोयरीक पक्की करून परत आले. आता लोक त्यांना मोबाइलवर बायोडाटा पाठवतात. ते चष्मा लावून सगळा वाचतात आणि पाठवणाऱ्याला उलट फोन लावतात, "हे सारं खरं असन बाप्पा. पन दुसरं पान कुठं हाये?" दुसरं पान म्हणजे दोषांचं.

अशा माणसाला एकुलती एक नात आहे. ती हुशार आहे असं मी म्हणतो. मोठेबाबांनी कधी तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती गावातल्या शाळेत चौथीत असताना तिच्या वर्गबाईंनी घरी येऊन एका शाळेबद्दल सांगितलं. चिखलीच्या बाहेर बुलडाणा रस्त्याला फक्त मुलींची, सरकारी अनुदान न घेणारी, परीक्षा घेऊन आणि पालकांशी बोलून मोजक्याच मुली निवडणारी शाळा. वसतिगृह नाही, रोज जायचं आणि रोज घरी यायचं. तिथल्या प्रयोगशाळेत पाचवीच्या मुलीसुद्धा स्वतःच्या डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघतात, हे कळलं आणि त्या पोरीनं दुसरा विषयच सोडला. कांद्याची साल उन्हात धरून बघायची, माशीचा पंख बघायची, जेवताना भाकरीचा पापुद्रा सोलून बघायची. लेखी परीक्षा ती चांगल्या मार्कांनी पास झाली. राहिली फक्त मुलाखत. पण त्या मुलाखतीतच निम्म्या मुली गळतात असं सगळे सांगत होते, आणि घरात तिचं बोलणं दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं.

मोठेबाबांच्या लेखी हे सरळसरळ स्थळ होतं. पोरगी त्या घरात जायची, तर चौकशी नको? त्यांनी कुणाला न सांगता एसटी पकडली आणि शाळा सुटायच्या सुमाराला फाटकासमोर जाऊन उभे राहिले. मुली बाहेर पडायला लागल्या तसे हे प्रत्येकीचा चेहरा निरखून पाहू लागले. रखवालदारानं हटकलं, "काय पाहून राह्यले हो बाबाजी?"

"पोरी पाहून राह्यलो," मोठेबाबा म्हणाले. खोटं बोलायची सवयच नाही.

रखवालदारानं त्यांना दंडाला धरून फाटकाच्या आत स्टुलावर बसवलं आणि ओळखीच्या माणसाचा नंबर मागितला. ऑफिसमधलं काम टाकून मी धावत पोचलो, तर दोघं बशीतून चहा पीत होते आणि रखवालदार आपल्या धाकट्या भावाचं शिक्षण, उंची आणि स्वभाव सांगत होता. "आंधी दोष सांग," मोठेबाबा त्याला म्हणत होते. परत येताना मला म्हणाले, "जवाईबापू, ज्या शाळेतून पोरी पळत निंगतात ते शाळा वंगाळ. इथल्या पोरी रेंगाळत निंगतात. फाटकात उभ्या राहून बोलत बसतात. स्थळ बरं दिसते." मी या कसोटीवर बराच विचार केला. त्यात मला अजून खोट सापडलेली नाही.

मुलाखतीच्या आधी आठवडाभर माझ्या बायकोनं नातीच्या आईवडिलांची उजळणी घेतली. काय विचारतील, काय सांगायचं. आमची मुलगी शिस्तीची आहे, अभ्यासू आहे, मोठ्यांचा मान ठेवते. नातीचे वडील सोयाबीनच्या भावावर कुणाशीही तासभर बोलतील, पण टेबलापलीकडे माणूस बसला की त्यांची जीभ टाळूला चिकटते. त्यामुळे मीही बरोबर जावं असं ठरलं. मोठेबाबांना कुणी बोलावलं नव्हतं. ते धुतलेलं धोतर नेसून गाडीत पुढच्या सीटवर बसलेले सापडले. शाळेत शिपायानं सांगितलं की मुलीबरोबर आत आईवडील दोघंच. "सोयरिकीले कोनी दोघंच जाते का बे?" असं म्हणून ते आत शिरले, आणि त्यांना आवरायच्या निमित्तानं मीही शिरलो.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी खुर्च्या मागवल्या. आम्ही बसलो. त्यांनी वडिलांकडे पाहून विचारलं, "तुमच्या मुलीबद्दल काही सांगाल?"

वडिलांनी पंख्याकडे पाहिलं. मोठेबाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आंधी दोष सांगतो म्याडम. पोट्टी एका जागी बसत नाई. मधात बोलते. अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. चुकली तं माफी मांगत नाई, आंधी काऊन चुकली ते इचारते. औंदाच्या साली बाईचं गणित चुकलं तं साऱ्या वर्गात उभी राहून सांगतलं. आनं हरली का रडते. रडू लागली तं कोनाचं आयकत नाई, माह्यंई नाई."

नातीची मान खाली गेली. तिच्या आईनं पदर तोंडाशी धरला. बाहेर बाकावर बसलेले बाकीचे पालक आपापल्या मुलींना कविता म्हणायला लावत होते, ते दारातून स्पष्ट ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात प्रवेश गेला असं धरून टाकलं आणि घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागलो.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"आमचं झालं. आता तुमच्या शाळेचे सांगा."

शेजारी बसून टिपणं घेणाऱ्या शिक्षिकेचा हात थांबला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "उन्हाळ्यात पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही. वरचे वर्ग तापतात. खेळाच्या बाई सोडून गेल्या, दुसऱ्या अजून मिळाल्या नाहीत."

"हे तं भांड्याकुंड्यायचे झाले," मोठेबाबा म्हणाले. "मुख्य सांगा."

बाईंनी आधी नातीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मुख्य असा, आजोबा, की इथं शिकलेल्या मुली पुढे गावात राहत नाहीत. सणाला येतात, चार दिवस राहून जातात. आम्ही रोज संध्याकाळी त्यांना घरी पाठवतो खरं, पण त्यांचं जाणं इथूनच सुरू होतं, थोडं थोडं. घरच्यांना ते पुढे जड जातं. आधी कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही."

नातीनं मान वर केली होती आणि ती मोठेबाबांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. त्या घरात त्यांचा नकार म्हणजे नकार, हे तिला नीट माहीत होतं. ते टोपीची घडी बोटांनी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "हाव. मंजूर." आणि उठून बाईंना हात जोडले.

गाडीत नात त्यांच्याशी बोलेना. बऱ्याच वेळानं मागून म्हणाली, "आबा, तुमी समदंच सांगून टाकलं."

"समदं नाई सांगतलं. चांगलं सांगाचं राह्यलं."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"चांगलं सांगाचा मले सराव नाई, माय," ते म्हणाले आणि उंद्री येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले.

प्रवेश मिळाला. मार्कांवर मिळाला असावा असं माझं मत आहे, आणि मोठेबाबांनीही कधी श्रेय घेतलेलं नाही. आता ती सातवीत आहे. परवा मी उंद्रीला गेलो होतो. ओट्यावर चहा घेताना मला त्यांची गंमत करायची लहर आली. म्हटलं, "मोठेबाबा, तुमच्या नातीचे दोष सांगा ना एकदा."

"मधात बोलते," त्यांनी ताबडतोब सुरू केलं. "अक्षर म्हंजे..."

"अक्षर तं आता लय सुधरलं, मामाजी," सून शेंगा फोडता फोडता आतून म्हणाली.

"हरली का रडते."

"कोठं रडते आता? गेल्या टायमाले दुसरा नंबर आला तं हसत आली."

मोठेबाबा माझ्याकडे सरकले. सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाले, "जुने होते ते गेले, जवाईबापू. नवे असतीन. पन मले मालूम नाईत. सकाऊन जाते, सांजच्याले येते, आली का पुस्तकात तोंड घालते. पाह्याले भेटतच नाई."

माझ्याकडे एक विनोद तयार होता, तो मी गिळला. मला फार वाईट वाटलं. नातीच्या एसटीची वेळ झाली तसे ते उठले, टोपी घातली आणि आम्ही दोघं माझ्या गाडीनं फाट्यावर गेलो. नात एका मैत्रिणीबरोबर उतरली. माझ्याकडे आणि त्यांच्याकडे पाहून हसली, "आले न मी, आबा," म्हणाली आणि मैत्रिणीशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू करून निघाली. कुठल्यातरी प्रयोगाचं काहीतरी चाललं होतं, दोघी एकमेकींचं म्हणणं खोडत होत्या. मी गाडीकडे वळलो. मोठेबाबा माझा निरोप घ्यायचं विसरून त्यांच्या मागोमाग निघाले होते, फार जवळ नाही, फार लांबही नाही, बोलणं कानावर पडेल एवढ्या अंतरानं.