पुरी न होणारी रांग

सायरन झाला की आमच्या लाइनीतली सगळी पोरं टोकाच्या रिकाम्या क्वार्टरात न्यायची. तिथलं छत पक्कं, खिडक्यांना काळा कागद, आणि रोज एकेका आईची पाळी. त्या संध्याकाळी पाळी माझी होती, हे फॅक्टरीत डबल ड्यूटीवर, अन् लढाई चालू.

पोरं मोजायची नाहीत, हे आम्हा बायांचं ठरलेलं. मोजली की नजर लागते. म्हणून सहा-सहाच्या रांगेत बसवायचो. चार रांगा भरल्या की समजायचं, सगळी आली.

अंधारात मी डोकी चाचपत गेले. शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी. म्हटलं, कोणी सरकून मधेच बसलं असेल. "चलो, चार-चार बसा." शेवटच्या रांगेत तीनच. "अच्छा, तीन-तीन." शेवटी दोन उरले. दोन-दोन बसवले तर शेवटी एकच पोरगं, एकटं, ते रडायलाच लागलं.

"चाची, एक को भूत खा गया क्या?" कोणीतरी बोललं अन् सगळी हसली. तोंडं दिसत नव्हती, नुसतं हसू.

माझी मोठी पाचवीत. ती कानाशी आली. "आई, किती पण बदल, रांग पुरी नाही होणार. ही अभाज्य आहे."

"काय आहे?"

"शाळेत शिकवलं. चोवीसला सहा, चार, तीन, दोन, सगळे भागतात. एक कमी केला की तेवीस. तेवीसला एक अन् तेवीसच भागतो, दुसरं कोणीच नाही."

"आकडा काहून बोलते!" मी तिचं तोंड दाबलं.

तिनं हात काढला. "आई, कोणी सरकलं नाही. एक जण नाहीच आहे."

कोण नसेल? माझी धाकटी तर मागं पदर धरून होती, मघापासून ओढून राहिली होती. मी मागं हात नेला. पदर दाराच्या कडीत अडकला होता.

मी घराकडे पळाले. एकाही घरात दिवा नाही, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. आमचं दार उघडं, अन् आत कोणीतरी बारीक आवाजात बोलून राहिलं होतं, "एक... एक... एक..."

तरी आत गेले. खाटेखाली धाकटी बसली होती. मोठीनं अभ्यासासाठी चिंचोके रांगेनं मांडले होते, ते ती एकेक उचलून राहिली होती. तिला एक हा एकच आकडा येत होता. उचलली अन् परत पळाले.

दारातच मोठीचा आवाज आला, "आई, पाच-पाच बसवलं. दोन जागा ठेवल्या. मग पाचाच्या पाच रांगा भरतात, पाचाचा वर्ग."

कमी तर एकच होती. "दुसरं कोण आहे इथं?"

"तू."

मी बसले. धाकटीला मांडीवर घेतलं नाही, तिच्या जागेवर बसवलं, हात घट्ट धरून. मग पहिल्या रांगेपासून एकेक डोकं मोजलं, मोठ्यानं.