सासऱ्यांनी चाखलेली भिंत

देवाने माणसाला जीभ बोलण्यासाठी दिली की खाण्यासाठी, यावर इतरांनी हवा तेवढा वाद घालावा. आमच्या सासऱ्यांना ती इमारती तपासण्यासाठीच मिळाली होती. पनवेल तालुक्यात त्यांनी चाखली नाही अशी भिंत निदान माझ्या ऐकिवात नाही. समोर भिंत आली की ते आधी तिला तळव्याने थोपटत, बाजारात बैल थोपटून बघावा तसे. मग उजव्या हाताची तर्जनी तिच्यावरून वरून खाली ओढत, ती जिभेला लावत आणि डोळे मिटत. निकाल येईपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं. "खारी हाय," म्हणाले की घरमालकाचं तोंड उतरे. "गोडी हाय," म्हणाले की तो आत वळून चहा टाकायला सांगे. सासरे पिढीजात मिठागरवाले. खाडीचं पाणी अडवून, आटवून, त्यातून मीठ ओढायचं, यात त्यांच्या कितीतरी पिढ्या वाळल्या. त्यामुळे माणूस असो, भिंत असो की सरकारी अधिकारी, त्याच्यात मीठ किती हे कळल्याशिवाय त्यांना पुढे बोलताच येत नसे.

आमचं लग्न ठरवायला ते पहिल्यांदा आमच्या फ्लॅटवर आले, तेव्हा माझ्या वडिलांनी पुढे केलेली खुर्ची ओलांडून ते थेट हॉलच्या भिंतीकडे गेले आणि तिची चव घेतली. वडिलांचा चेहरा असा झाला की जणू पाहुण्याने त्यांचाच गाल चाटला. आईला वाटलं, त्यांच्याकडे अशीच पद्धत असेल. तिने हळूच मलाही खूण केली की तूही चाट. सासरे म्हणाले, "भिंत कच्ची हाय, दोन पावसाळं काडंल. मानसा बरी हायेत पन." एवढ्यावर त्यांनी मुलगी दिली. ती भिंत पुढे कितीतरी पावसाळे उभी राहिली, आणि दर जूनमध्ये त्यांचा फोन ठरलेला: "जावय, उबी हाय अजून?" मी "हो" म्हटलं की पलीकडून निराश झाल्यासारखा सुस्कारा येई. त्यांचा अंदाज चुकला असं ते कधी मानत नसत. भिंतीलाच आपलं काम कळलेलं नाही, असं त्यांचं मत होतं.

दुसरी सवय अशी की ते परक्या घरचं मीठ खात नसत. आपल्या शेवटच्या पिकाचं खडेमीठ एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ती पिशवी ते शर्टाच्या खिशात बाळगत, लोक चष्मा बाळगतात तशी. बिल्डरांच्या पार्ट्या, नेऱ्याच्या फार्महाऊसवरची जेवणं, मोठमोठी लग्नं. कुठेही ताट समोर आलं की पिशवी बाहेर. आणि पान वाढताना आधी डाव्या कोपऱ्यात मीठ पडलं पाहिजे, मग बाकीचं. कोणी विसरलं तर जेवायला बसलेला हा माणूस उठून सबंध पंगतीला आपल्या पिशवीतलं मीठ वाढत जाई. "मिठाबिगर पान मंजी आलेल्या मानसाला दारात उबं ठेवल्यागत," असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात त्यांनी बुफेच्या रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या हातातल्या प्लेटमध्ये मीठ वाढलं होतं. तीनशे पाहुण्यांनी ते निमूट घेतलं, कारण सगळ्यांना वाटलं हा प्रसादच आहे.

हे मीठ जिथून आलं ते मिठागर केव्हाच गेलं होतं. खाडीत भराव पडले, भरावावर रस्ते आले, रस्त्यांच्या कडेने टॉवर उगवले. उरलं होतं ते बांधालगतचं एक दगडी कोठार. भिंती अशा जाड की खिडकीत माणसाने आडवं झोपावं आणि तरी पाय बाहेर येऊ नयेत. आत पूर्वी मिठाच्या राशी असायच्या. आता उंदीरही आत गेला तर तहान लागून बाहेर येई. सासरे मात्र रोज सकाळी तिथे जात, कुलूप काढत, आतली भिंत चाखत आणि पुन्हा कुलूप लावून घरी येत. तेवढीच त्यांची नोकरी.

माझ्या मेहुण्याला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, ती जागा बिल्डरला द्यायची होती. "दाजी, रोड टच आहे. लोक अशा जागेसाठी रडतात. आणि आमचे बाबा तिथे भिंत चाटत बसलेत." कागद तयार होते, फक्त सही राहिली होती. सही मागितली की सासरे म्हणत, "बगू." या एका शब्दावर बिल्डरची गाडी दोन वर्षं येत-जात होती. शेवटी मेहुण्याने डाव टाकला. सासऱ्यांना सिंगापूर-मलेशियाच्या टूरवर पाठवायचं आणि बरोबर मला. "एकदा त्यांनी खरे टॉवर बघितले की स्वतःच पेन मागतील. तुम्ही फक्त त्यांची मान वर राहील एवढं बघा." टॉवर झाला की त्यातला एक फ्लॅट ताईच्या नावावर होणार होता. ताई म्हणजे माझी बायको, हे मला वेगळं सांगायला लागलं नाही. मी त्या फ्लॅटच्या बाल्कनीत कुंड्या कुठे ठेवायच्या ते विमानातच ठरवून टाकलं.

सिंगापूरला मी माझं काम चोख केलं. सकाळपासून रात्रीपर्यंत सासऱ्यांची मान वर. दुसऱ्या दिवशी ती खाली येईना, तेव्हा गाईडकडून मलम घ्यावं लागलं. क्वालालंपूरच्या जुळ्या मनोऱ्यांखाली उभं करून मी विचारलं, "कसं वाटतं बाबा?" त्यांनी टोपी सावरत ढगांपर्यंत नजर नेली आणि परत आणली. मग पुढे होऊन तर्जनी त्या चकचकीत पोलादावरून ओढली, जिभेला लावली आणि डोळे मिटले. मी मनात बाल्कनीच्या कुंड्यांना पाणी घालत होतो. डोळे उघडून ते म्हणाले, "हिला चवच नाय रं."

त्यानंतर बस निघाली मलाक्क्याला. तिथे डचांनी राज्य करताना बांधलेली एक लालभडक इमारत आहे. पूर्वी त्यांची कचेरी, आता इतिहासाचं संग्रहालय. गाईडने दिलेला वेळ मुळात फोटो काढून आईस्क्रीम खाण्यापुरताच होता. टूरमधली मंडळी कारंज्यापाशी रांगेने हसत उभी राहिली. सासरे मात्र बसमधून उतरले ते त्या इमारतीकडे असे बघत उभे राहिले की जणू एखादा हरवलेला चुलता समोर यावा. बसकी, जाड, जड, छोट्या खिडक्यांची. "आपलं कोठार," ते म्हणाले. "यानी रंग काडलाय तेवडाच फरक." मी त्यांचा दंड धरला, पण तोवर तर्जनी भिंतीवरून जिभेपर्यंत पोचली होती. या वेळी डोळे इतका वेळ मिटलेले राहिले की मला डॉक्टर बोलवावा असं वाटू लागलं.

"जावय," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या चुन्यात आपल्या खाडीचं मीठ हाय."

"बाबा, कुठे पनवेल, कुठे मलाक्का."

"ह्यांची गलबतां कुटं कुटं फिरत व्हती त्ये तुमाला ठावं हाय काय?"

ते मला ठावं नव्हतं. त्यांनाही नव्हतं. पण मला ठावं नाही, हाच त्यांना पुरेसा पुरावा झाला, आणि त्या क्षणापासून ती इमारत आमची सोयरी झाली. चपला बाहेर काढून ते आत शिरले.

आत तलवारी होत्या, नकाशे होते, गलबतांच्या प्रतिकृती होत्या. सासरे कशाकडे न बघता खोल्यांची जाडी मोजल्यासारखे चालत होते आणि दर दारात मान हलवत होते. एका दालनात डच साहेबाची जेवणाची खोली जशीच्या तशी मांडली होती. लांब टेबल, जस्ताच्या ताटल्या, खोट्या भाजलेल्या कोंबड्या, खोटा पाव, आणि खुर्च्यांवर पांढरे केस कुरळे केलेले मेणाचे साहेब-मडमा. समोर जाड दोर. दोराजवळ डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक वयस्क पहारेकरीण बाई बसली होती. सासऱ्यांची पनवेलच्या मुसलमान व्यापाऱ्यांत उठबस. त्यांनी कपाळाला हात लावून "सलाम, आपा," म्हटलं. बाई हसल्या. मग सासरे टेबल न्याहाळू लागले.

"त्या चांदीच्या वाटीत काय असतं?"

पाटी वाचून मी सांगितलं, "ती मीठदाणी आहे."

"रिकामी हाय."

"बाबा, सगळंच खोटं आहे."

"किती साल बसलीत बिचारी. समदं वाडलंय आन मीठ नाय. जेवतील कशी?" एवढं बोलून आमचे सत्तरीचे सासरे धोतर सावरून दोर ओलांडून पलीकडे. मला वाटतं बाई किंचाळल्या, किंवा मीच किंचाळलो असेन. खिशातून पिशवी निघाली आणि त्यांनी मीठदाणी भरली. भरून झाल्यावर, पद्धत म्हणून, प्रत्येक ताटलीच्या डाव्या कोपऱ्यात एकेक चिमूट वाढायला सुरुवात केली. तिसऱ्या साहेबापर्यंत पोचले, तोवर टाय लावलेला एक काटकुळा अधिकारी धावत आला होता.

त्याने पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे. आता, त्या देशात उतरताना विमानतळावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की अमली पदार्थ बाळगणाऱ्याला फाशी. मी त्या प्लास्टिकच्या पिशवीतले पांढरे खडे पाहिले आणि माझं सगळं इंग्रजी एकदम माझ्या पायातून जमिनीत उतरलं. तोंडात एकच शब्द उरला. "सॉल्ट," मी म्हणालो. "सॉल्ट. सर, सॉल्ट." तो जितका संशयाने बघे तितका मी जोरात म्हणे. माझ्या डोळ्यांसमोरची बाल्कनी दिसेनाशी झाली आणि तिथे दोरखंड लोंबायला लागला.

सासरे शांत होते. ज्या गोष्टीची शंका आहे ती चाखायची, यात त्यांना काही अवघड वाटत नव्हतं. त्यांनी एक खडा स्वतःच्या जिभेवर ठेवला, एक माझ्या तोंडात कोंबला, आणि तिसरा तळव्यावर धरून अधिकाऱ्यापुढे केला. तो मागे सरला. तेव्हा निळ्या रुमालाच्या बाई उठल्या, तो खडा त्यांनी उचलला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. ते अगदी सासऱ्यांसारखे मिटले, हे मी शपथेवर सांगतो. मग त्या अधिकाऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. बोलता बोलता त्यांनी आपला लुगड्याच्या घोळासारखा घागरा पाण्यात उतरल्यासारखा किंचित वर धरला, मग समुद्राच्या दिशेला हात केला; त्यांच्याही घरी कधीतरी मीठ पिकत असावं. अधिकाऱ्याने शेवटी एक खडा चाखला, तोंड वेडंवाकडं केलं आणि आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला.

दारातून मी मागे वळून पाहिलं. बाई फडक्याने ताटल्या पुसत होत्या. मीठदाणीपाशी आल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मीठ फेकलं नाही, आपल्या हातरुमालात ओतलं आणि त्याला गाठ मारली. सासऱ्यांनीही ते पाहिलं.

बसमध्ये त्यांनी पिशवीला पुन्हा गाठ मारून ती खिशात ठेवली. मग म्हणाले, "मालक गेलं, राज्य गेलं, पन घर नांदतं हाय. झाडायपुसायला मानूस ठेवला की जुना घर बी राहतो, जावय." माझा फ्लॅट खिडकीतून बाहेर उडून गेला तो त्याच वेळी.

विमानतळावर मेहुणा पेढे घेऊन उभा होता. "बाबा, बघितले टॉवर?"

"बगितले. उंच हायेत."

"मग? करायचं ना आपण?"

"लाल रंग कुटं मिळंल, त्ये बग."

महिन्याभरात कोठार लालभडक झालं. आत मिठागराची फावडी, टोपल्या, वजनं भिंतीला लावली. पुढे दोर बांधला. वस्तू कमी पडल्या म्हणून आमच्या लग्नातला बंद पडलेला मिक्सर, मेहुण्याची शाळेतली बॅट आणि करंजा बंदरावरच्या एका होडीवाल्या नाखव्याने दिलेलं वल्हंही आलं. जगातलं हे एकच संग्रहालय असेल, जिथे वस्तूंना हात लावायला बंदी होती आणि भिंत चाटायची सक्ती होती. सासरे दारात खुर्ची टाकून बसत. येणाऱ्याच्या तळव्यावर आधी मीठ पडे. खरं सांगायचं तर येत कोणीच नसे. टपालवाला, चुकलेले डिलिव्हरीवाले आणि दर जूनला मी. मेहुणा लांब गाडीत बसून हॉर्न वाजवी आणि आत यायला नकार देई. "लोक हसतात, दाजी. मला माझ्याच गावात तोंड दाखवायला जागा नाही."

सासरे गेले ते त्याच खुर्चीत, दुपारचे. दिवस झाले की कोठार पाडणार, असं मेहुणा स्मशानातच बोलला. मग म्हणाला, पावसाळा होऊन जाऊ दे. मग गणपती आले. मग शिमगा झाल्यावर नक्की, असं ठरलं. बिल्डरची गाडी अजून येते. मेहुणा तिला म्हणतो, "बघू."

या जूनमध्ये मी गेलो. किल्ली मेहुण्याकडेच होती. त्यानेच कुलूप काढलं. आत खुर्ची तशीच होती. सासरे बुटके. त्यांच्या बोटाने आतल्या भिंतीवर एक उभा पट्टा झिजून गुळगुळीत झालेला आहे, माझ्या छातीच्या उंचीला. तो मला माहीत होता. त्याच्या शेजारी, वीतभर वर, आणखी एक पट्टा दिसला, नवा, अजून फिका. मेहुणा चांगला उंच आहे.

मी त्याच्याकडे बघितलं. तो वल्ह्यावरची धूळ झटकत होता.

"छप्पर गळतं तिथं," तो म्हणाला.