मधला खांब

आमचे मामंजी लाकूडही घडवतात आणि दगडही. दोन्ही कामांना त्यांचा शब्द एकच, तासणं. मी हौसेनं कोशात पाहिलं, तर तो 'तक्ष्' या जुन्या संस्कृत धातूपासून आलेला निघाला. मामंजींना सांगायला गेले, तर म्हणाले, "सूनबाई, मूळ कशाला हवं? जास्तीचं काढून टाकायचं, एवढाच अर्थ."

त्यांना एक वाईट खोड आहे. हत्याराला धार लावली की ती बघायची कारखान्याच्या मधल्या खांबावर. त्याच खांबावर आमचं वरचं घर उभं! "एकच ढलपी" म्हणत म्हणत लाकडी खांब कमरेत बारीक झाला आणि करकरायला लागला. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं, तेव्हा कुठे त्या जागी दगडी खांब आला. करकर थांबली आणि सासूबाई पुन्हा सुखानं झोपू लागल्या.

काल दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. मामंजींनी नुकतीच धार लावलेली टाकी खांबाला टेकवली होती. हातोडीचा ठोका पडला. खांबाच्या पायाशी ओंजळभर कपच्या साठल्या होत्या.

"अहो मामंजी, आता हाही?"

"दगड आहे हा. याला काय धाड भरलीय? इतके दिवस झाले, एकदा तरी करकरला का?"

मी कप खाली ठेवला आणि वर छताकडे पाहिलं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला सांगितलं होतं, लाकूड मोडायच्या आधी ओरडतं. दगड ओरडत नाही.