समुपदेशनाला नाव

श्रीपाल मगदूम यांच्याविषयी लिहायचं तर सरळच लिहितो. आडून बोलणं मला जमत नाही आणि या प्रकरणात ते शोभणारही नाही. चांगल्या शिक्षकाची नोकरी गेली आणि ती माझ्यामुळं गेली. कुणी म्हणेल, हंबीरराव, एवढं मनाला लावून घेऊ नका. म्हणणाऱ्यानं आधी पुढचं वाचावं.

आम्ही दोघं एकाच साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, गारगोटीच्या पुढं डोंगरात. एका खोलीत चार वर्षं काढली. मी तापट, तोंडाळ. तो इतका शांत, की त्याच्यावर चिडलं तर आपलीच आपल्याला लाज वाटावी. जैन घरातला, दिवस मावळायच्या आत जेवणार. मी शाळेतून येऊन आडवा व्हायचो तोवर ह्याची भाकरी तव्यावर. ‘उठा हंबीरराव, उजेड हाय तोवर जेवून घ्या,’ म्हणायचा. मीही तसाच जेवायला लागलो. पुढं लग्न झाल्यावर सहा वाजता ताट मागायचो, म्हणून माझी बायको अजून त्याच्या नावानं बोटं मोडते.

त्याच्या हाताखालचं पोरगं पाढ्याला कधी अडलं नाही. वर्गात बसवून तो पाढे घ्यायचाच नाही. सगळ्या पोरांना घेऊन शाळेभोवती फिरायचा, एका फेरीत एक पाढा. एकोणतिसाच्या पाढ्याला पोरं धापा टाकायची नि हसायची. तपासणीला आलेल्या साहेबांनाही एकदा त्यानं दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. साहेब सतराच्या पाढ्यात अडकले, तेव्हा पोरांनी त्यांना हाताला धरून पुढं नेलं.

अकरा वर्षं इकडं तिकडं फिरून त्याला शेवटी घराजवळची शाळा मिळाली. घर मलकापुरात, शाळा तिथून आठ किलोमीटर. त्याला ते फार मोलाचं होतं, कारण त्याच्या आईची, सीताबाईंची, नजर गेलेली आणि म्हातारीचा हट्ट असा की मुलाशिवाय कुणाच्या हातचं खाणार नाही. सून सोनल सोन्यासारखी, पण तिचाही इलाज चालेना. सकाळी निघताना एकदा आणि दिवस मावळायच्या आत एकदा, श्रीपालनं भरवलं तरच ती जेवायची. तेव्हा ही शाळा सुटली तर घर कोलमडणार, हे त्याला रोज दिसत होतं.

आणि शाळा सुटायची भीती खोटी नव्हती. जोडीदार शिक्षक सेवानिवृत्त झाले, जागा भरली नाही. पहिली ते चौथी हा एकटाच. वर रोज नवी माहिती भरा, फोटो पाठवा, लिंक उघडा. पट घसरत घसरत सतरावर आला. आता शाळा बंद होऊन आपण अतिरिक्त ठरणार, कुठंतरी लांब बदली होणार, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याच सुमाराला शाळेत पोरांचा भात शिजवणाऱ्या शालूबाईंनी मला मलकापूरच्या बाजारात गाठलं.

“तुमच्या दोस्ताला काय झालंय बघा की सर,” त्या म्हणाल्या. “मास्तर फळ्यावर तारीख लिव्हत्यात आन् तसंच उभं ऱ्हात्यात. खडू हातातच. पोरं बिचारी गप बसत्यात. परवा भात निवून गेला, सुट्टी द्यायचं त्यास्नी भान न्हाय.”

तिथूनच त्याच्या घरी जायला हवं होतं. पण मी म्हणजे शाहूवाडी तालुक्याच्या शिक्षक संघटनेचा सरचिटणीस, माझ्याकडं प्रत्येक गोष्टीवर योजना असते. त्या वर्षी आम्ही सभासदांसाठी गट विमा घेतला होता. अपघात झाला, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर विमा. वर्षातून एकदा रक्त-साखर तपासणी. आणि शिवाय एक नवी सोय, की मन थाऱ्यावर नसेल तर तज्ज्ञ बाई फोनवर बोलणार, आठ वेळा, फुकट, कुणाला न सांगता. कंपनीचं पत्रक इंग्रजीत होतं. त्याचं मराठी मी केलं. इतरांनी केलं असतं तर ‘काउन्सेलिंग’ तसंच ठेवलं असतं. मी शुद्ध शब्द घातला, समुपदेशन. ‘सभासदांना मोफत समुपदेशन. नाव नोंदवा.’ छापून आलेलं पत्रक हातात घेऊन मी स्वतःवरच खूश झालो होतो.

चारशे बारा सभासद. तपासणीला रांगा लागल्या, समुपदेशनाला मात्र एकही नाव आलं नाही. मी सभेत तोंड सोडलं. ‘फुकट मिळतंय तर तुम्हाला किंमत नाही,’ म्हणालो. सगळे माना खाली घालून बसले. कशानं बसले, हे विचारावं एवढी अक्कल मला तेव्हा सुचली नाही.

श्रीपालचं कानावर आल्यावर मी त्याला विचारलंच नाही. जाऊन भेटलोही नाही. विचारलं तर नको म्हणेल, त्यापेक्षा आपणच नाव घालावं, असा माझा हिशेब. नाव घातलं आणि त्याला मोबाईलवर मेसेज टाकला. तो मला आजही पाठ आहे. ‘श्रीपाल सर, तुमचे नाव समुपदेशनासाठी पाठवले आहे. फोन येईल. नाही म्हणू नका.’

त्याचं काही उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी कळलं, की श्रीपाल मगदूम यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मला काळजी वाटायला हवी होती, मला राग आला. पंचवीस वर्षांची दोस्ती, मी संघटनेचा सरचिटणीस, आणि हा बाबा मला न विचारता अर्ज देतो? बरं, ज्यांच्याशी बोलावं म्हणून नाव घातलं, त्या बाईंशीही हा बोलला नव्हता. मी ठरवून टाकलं, आपणहून जायचं नाही. येईल तेव्हा येईल. नोटीस तीन महिन्यांची असते आणि त्या मुदतीत अर्ज मागं घेता येतो. हा नियम मी इतरांना तोंडपाठ सांगतो. ते तीन महिने मी रुसून बसलो, लहान पोर बसतं तसा. दोनदा कामासाठी मलकापूरला गेलो आणि त्याच्या गल्लीच्या तोंडावरून गाडी पुढं काढली.

निरोप समारंभ केंद्रशाळेत झाला. शाल मीच घातली, भाषणही मीच ठोकलं. त्यानं एकदाही वर बघितलं नाही. त्याची पोरं रडत होती आणि मला वाटत होतं, ह्याला कशाचंच काही नाही.

त्यानंतर महिन्याभरानं संघटनेची सभा होती. विम्याचा विषय निघाला, मी परत समुपदेशनावर घसरलो. तेव्हा प्रियदर्शनी नावाच्या नव्या शिक्षिका उठल्या. भीत भीतच म्हणाल्या, “सर, एक विचारू? तिथं नाव दिलं तर शाळा कुठली मिळंल, ते आपण निवडायचं का तेच देणार?”

मी म्हणालो, “कसली शाळा?”

सभागृहात कुणी हसलं नाही. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या खात्यात समुपदेशन म्हणजे एकच. अतिरिक्त शिक्षकांना कोल्हापूरला हॉलमध्ये बोलावतात, रिकाम्या शाळांची यादी पडद्यावर लावतात, नाव पुकारलं की दोन मिनिटांत शाळा सांगायची. नाही सांगितली तर उरलेली पदरात पडते. ते समुपदेशन. कागदावर त्याला हाच शब्द असतो. मी स्वतः तीन वेळा तिथं माणसं घेऊन बसलोय. आणि मीच तो शब्द उचलून पत्रकात घातला.

“आणखी कुणाला असंच वाटलं होतं?” मी विचारलं. निम्म्याच्या वर हात वर झाले.

सभा तशीच टाकून मी मलकापूर गाठलं. साडेचार वाजले होते. सोनलवहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, पण नेहमीसारखं ‘कसं हायसा’ म्हणाल्या नाहीत. आत तो आईला भरवत होता. घास देऊन, तोंड पुसून, मग बाहेर आला. वाळला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पत्रक, शब्द, कंपनी, बदलीशी त्याचा काही संबंध नसल्याचं. सांगताना मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

त्यानं मला हाताला धरून बसवलं. मग म्हणाला, “फोन आलता. पोरगी होती, पुण्याची. ‘समुपदेशन विभागातून बोलतेय, तुम्हाला कधी वेळ आहे,’ म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत अर्ज लिहिला. लांबची शाळा आली असती तर आईला कोण भरवणार? मला वाटलं, यादीत तुम्हीच घातलंय म्हटल्यावर आता ह्यातनं सुटका न्हाय.”

“आता ती सोयही बंद झाली,” मी म्हणालो. “विमा नोकरीत असेपर्यंतच असतो.” हे मी का सांगितलं, देव जाणे. माझं तोंडच तसलं.

“व्हय, ते हायच,” तो म्हणाला. मग सहज विचारावं तसं विचारलं, “काय विचारत्यात हो त्यात?”

“काही नाही. झोप लागते का, जेवण जातं का, कुणाशी बोलावंसं वाटतं का. एवढंच.”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

“झोप न्हाय लागत,” तो म्हणाला. “जेवण जात न्हाय. बोलावंसं तुमच्याशी वाटायचं. तीन महिने रोज वाटायचं, आज येतील हंबीरराव, विचारतील.”