अजिबात भुंकत नाही

फुकट मिळणाऱ्या वस्तूत काहीतरी खोट असतेच, हे माझं ठाम मत. त्यामुळे कशेळ्याच्या रस्त्यावरच्या फार्महाऊसमधली बाई जेव्हा म्हणाली, "घेऊन जा, पैसे नकोत," तेव्हा मी कुत्र्याच्या आधी तिलाच निरखून घेतलं.

कुत्रा लॅब्रेडॉर होता, पिवळट, अंगाने भरलेला. बाई मुंबईची, मुलीकडे परदेशी कायमची निघाली होती म्हणे. "फार शहाणा आहे," ती कौतुकाने सांगत होती, "अजिबात भुंकत नाही." झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे कुत्रा पाळतात तो भुंकायला. न भुंकणारा कुत्रा म्हणजे दूध न देणारी म्हैस, आणि ही बाई तोच त्याचा गुण म्हणून सांगत होती.

बाबा बरोबर आले होते. बाबांनी आयुष्यभर बैल पारखले. त्यांनी सरळ खाली बसून कुत्र्याचा जबडा उघडला, दात बघितले आणि जाहीर केलं, "जुळलाय." बैलाचे सगळे दात आले की तो जुळला म्हणतात, त्यावरून वय धरतात. कुत्र्याचे दात पहिल्याच वर्षात पुरे होतात, हे मी मोबाईलवर वाचलेलं. पण बाबांना काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागतं, आणि त्या बाईसमोर मला ओरडायचं नव्हतं. कुत्रा बिचारा तोंड वासून उभा. "विचार करून सांगते," मी म्हणाले आणि बाबांना रिक्षात बसवलं.

कुत्रा काही हौसेसाठी नको होता. दिवाळीनंतर भर दुपारी कोणीतरी मागच्या दाराने शिरून आमचा भरलेला सिलेंडर नेला. ओट्यापासून दारापर्यंत तो ओढत नेल्याची खूण होती. बाबा तेव्हा पडवीतच बसलेले, घराकडे पाठ करून, आणि त्यांना पत्ता नाही. कानाचं मशीन कपाटात. मी खोपोलीला कारखान्यात जाते ती संध्याकाळी परतते, आणि आई गेल्यापासून दिवसभर घरात ते एकटेच. धाकटा भाऊ पनवेलला फ्लॅटमध्ये राहतो. तो आला, खूण बघितली आणि म्हणाला, "ताई, शिमगा झाला की बाबांना मी घेऊन जाणार. आज सिलेंडर गेला. उद्या कोणी डोक्यात काही घातलं तर?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आमचं शेत रस्त्याला लागून, शेजारची शेतं केव्हाच फार्महाऊसवाल्यांच्या घशात गेलेली. बाबा इथून हलले की जमिनीची भाषा सुरू होणार, असा मला दाट संशय. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तितं मी काय भिंतीकडं बगत बसू?" आणि समोरचं ताट सारून उठले. बाबांना अन्नावरून उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं, कुत्रा आणायचा, आणि भावाचं तोंड बंद करायचं.

दुसरा कुत्रा मावसभाऊ घाटावरून घेऊन आला. जात कारवान. लांब पाय, कंबर मुठीत मावेल अशी, बरगड्या दिसताहेत. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "ह्याला उपाशी ठेवला व्हता काय गं?" मावसभाऊ दुखावला. "जातच अशी असते, काकी. अनोळखी माणसाला दारात उभं करणार नाही." मला वाटलं, हाच घ्यावा. पण एवढं कौतुक करणाऱ्याचाही मला संशय येतो, म्हणून म्हटलं, आठवडाभर राहू दे, बघू.

भुंकायचा मात्र हं. दूधवाल्यावर, एसटीवर, काकींच्या कोंबड्यांवर. त्याला पळायला मोकळं रान हवं, आणि आमच्याकडे आता जिकडे बघाल तिकडे कुंपणं. सोडला की कोणाच्या तरी तारेत जाऊन अडकायचा, बांधला की दोरी कुरतडायचा. तेही मी चालवून घेतलं असतं. पण एका संध्याकाळी मी कामावरून आले, आणि अजून माझी ओळख पटली नव्हती बहुतेक, तो असा काही भुंकत सुटला की काकी बाहेर आल्या, त्यांच्या मागोमाग काका. बाबा पडवीत पाठमोरे, वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांची मानसुद्धा वळली नाही.

मी फाटकातच उभी राहिले. सगळ्या आळीला कळलं होतं कोणीतरी आलंय, ज्याला कळायला हवं तो सोडून. मला रडूच आलं. रविवारी कारवान घाटावर परत गेला.

मग फार्महाऊसवाल्या बाईला फोन करून सरळ विचारलं, "भुंकत का नाही? आजारी आहे का?" ती जरा गडबडली. मुंबईत बिल्डिंगमधली माणसं तक्रार करायची, म्हणून पिल्लू असतानाच त्याची सवय मोडली होती. "कोणी आलं की तो आपला आपल्याला येऊन ढोसतो," ती म्हणाली. "नाकाने. आपण उठेपर्यंत." माझा काही विश्वास बसला नाही. कुत्रा मात्र आणला.

बाबांशी त्याचं गूळपीठ जमल्यावर एका संध्याकाळी मी मुद्दाम चपला बाहेर काढून, फाटक न वाजवता आत आले. कुत्र्याने मला पाहिलं, उठला आणि बाबांच्या कोपराखाली डोकं घातलं. शेंगा सांडल्या. बाबा वळले. "आलीस गं?" एरवी मी खांद्याला हात लावायचे आणि ते दचकायचे. आई गेल्यापासून घरात शिरताना मला कोणी हे विचारलं नव्हतं.

तरी म्हटलं, मी घरचीच, माझं काय.

शिमगा झाला. भाऊ न सांगता आला, हातात बाबांच्या कपड्यांसाठी मोठी रिकामी बॅग, आणि आला तो मागच्या दाराने. मी मोरीत कपडे धूत होते. त्याने मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, आणि मी गप्प बसले. मलाही बघायचंच होतं. तो दबकत दबकत पडवीच्या उंबऱ्याशी पोचला, तोवर बाबा काठी घेऊन त्याच्याकडे तोंड करून उभे होते. कुत्रा त्यांच्या पायाशी.

"चोरासारका काय येतोस रं?" बाबा म्हणाले. "आपलंच घर हाय ना?"

बाबांची नजर बॅगेवर गेली. "ही कशाला?"

भाऊ त्यांच्या कानाशी वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "वाल न्यायला."

बाबांना ते खरं वाटलं की नाही, देव जाणे. त्यांनी बॅग काढून घेतली, कोठीत नेली आणि स्वतःच्या हाताने वाल भरले, चेन लागेना इतके. त्यात त्यांचा एक सदरासुद्धा मावला नसता.